परवान्याची हद्द कोण आखणार?

२०२५ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या डॉक्टरांमध्ये जे जुंपलं, ते मला बांधावरच्या भांडणासारखं वाटलं. ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने ३० जूनला सूचना काढली. ज्या होमिओपॅथी डॉक्टरांनी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स, म्हणजे सीसीएमपी, केला आहे, त्यांची कौन्सिलकडे नोंदणी होणार आणि त्यांना ॲलोपॅथीची औषधं लिहून देता येणार. ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेने, इंडियन मेडिकल असोसिएशनने (आयएमए), संपाचा इशारा दिला, सरकारने पाऊल मागे घेतलं. मग होमिओपॅथी डॉक्टर रस्त्यावर आले. सप्टेंबरच्या सुरुवातीला सरकारने नोंदणी करा म्हणून पुन्हा फर्मावलं आणि १८ सप्टेंबरला राज्यभर एक दिवसाचा संप झाला. एका बाजूची घोषणा 'मिक्सोपॅथी बंद करा', दुसऱ्या बाजूची 'मक्तेदारी मोडा'. बांध कुणाचा यावर दोघे भांडत होते, आणि ज्याच्या पोटात त्या शेतातलं पीक जायचं तो पेशंट कुणाच्याच भाषणात नव्हता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही परवानगी ज्या स्वरूपात दिली गेली ते स्वरूप चूक आहे. एमबीबीएस नसलेल्याच्या हाती पेन देऊच नये, असा माझा हट्ट नाही; योग्य तालीम दिली तर बरंच काही देता येतं, आणि हे याच राज्यात सिद्ध झालेलं आहे. चूक ही की या पेनाला टोपण नाही. कुठली औषधं, कुठल्या आजारात, कुणाच्या देखरेखीखाली, कुठल्या गावात, यातलं पेशंटला समजेल असं काहीच ठरलेलं नाही. परवाना म्हणजे डॉक्टरांच्या दोन संघटनांमधली वाटणी नव्हे. दारात येणाऱ्या अनोळखी माणसाला सरकारने दिलेला तो शब्द असतो.

हा शब्द मुळात लागतो कशाला? मडकं घेताना आपण वाजवून घेतो. डॉक्टर वाजवून घेता येत नाही. ताप उतरला तर तो औषधाने उतरला की आपोआप, हे पेशंटला कळत नाही, आणि चुकीच्या औषधाने काय बिघडलं हे बरेचदा कधीच कळत नाही. म्हणून आपल्या वतीने वाजवून बघणारं कुणीतरी लागतं. मुंबई इलाख्यात १९१२ साली मेडिकल ॲक्ट आला आणि पदवीधर डॉक्टरांचं रजिस्टर सुरू झालं. १९३८ साली वैद्य-हकिमांसाठी वेगळा कायदा आणि वेगळं रजिस्टर आलं, १९५९ साली होमिओपॅथांसाठी आणखी एक. रजिस्टरं वेगळी ठेवण्यात उच्चनीचतेचा भाव नव्हता असं मी म्हणणार नाही, होताच. पण त्यात एक सोय होती. या माणसाचं काय वाजवून पाहिलंय, हे रजिस्टरच्या नावावरून कळत असे.

आता होमिओपॅथांची बाजू. ती मांडताना हात आखडता घेण्याचं कारण नाही. बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवी, हा इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, स्त्रीरोग, शस्त्रक्रियेची तोंडओळख, सगळं शिकवतात. नसतं ते मुख्यतः औषधशास्त्र, आणि सीसीएमपी ती उणीव भरून काढतो असा त्यांचा दावा आहे. दुसरा मुद्दा त्याहून जड आहे. हे लोक आजही ॲलोपॅथीची औषधं देतच आहेत. कुठल्याही मध्यम आकाराच्या खाजगी हॉस्पिटलात रात्री अकरानंतर जा. आयसीयूत उभा असलेला आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, बहुतेक वेळा बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधर, किंवा बीएचएमएस असतो. त्याला नोकरीवर ठेवणारे मालक कोण? पुष्कळदा तेच, जे १८ सप्टेंबरला काळी फीत लावून उभे होते. दिवसा ज्याला भोंदू म्हणायचं, रात्री त्याच्याच भरवशावर व्हेंटिलेटर सोडून घरी झोपायला जायचं, ही कसली पेशंटची काळजी? सरकारही कमी नाही. देशात ८३६ लोकांमागे एक डॉक्टर आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या हजारी एक या मापापेक्षा बरंच चांगलं, असं २०२४ मध्ये संसदेत अभिमानाने सांगितलं गेलं. त्या हिशेबात आयुष, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीसारख्या पद्धतींचे, डॉक्टरही धरलेले होते. मोजायच्या वेळी डॉक्टर आणि लिहायच्या वेळी नाही, हे त्यांना डाचणं साहजिक आहे.

इतकं सगळं मान्य केल्यावरही परवानगी पटत नाही, ती का?

१९९६ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल या वादात दोन्हीकडून फेकला जातो, आणि दोन्हीकडून अर्धाच वाचला जातो. मुंबईतल्या एका होमिओपॅथी डॉक्टरने तापाच्या पेशंटला ॲलोपॅथीची औषधं दिली. आधी व्हायरल ताप समजून, मग टायफॉइड समजून. पेशंट गेला. ज्या शास्त्राचं शिक्षण नाही त्या शास्त्राने उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयाने म्हटलं आणि तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. आयएमए हा निकाल 'बघा, होमिओपॅथ' म्हणून दाखवते. होमिओपॅथ म्हणतात, तेव्हा कायदा नव्हता, आता सीसीएमपी झालेल्यांना आधुनिक औषधांची मुभा देणारी २०१४ ची दुरुस्ती आहे, म्हणजे प्रश्न मिटला. पण त्या घटनाक्रमाकडे नीट पाहा. औषधाचं नाव माहीत नव्हतं म्हणून घात झाला का? औषधांची नावं तर माहीत होती! आजार कुठला याचा अंदाज एकामागून एक बांधला जात होता आणि प्रत्येक अंदाजावर औषध दिलं जात होतं. औषधशास्त्राचा कोर्स औषध शिकवतो. कधी द्यायचं नाही, हे शिकवतो वॉर्ड. तिथे आपल्या डोळ्यांदेखत तीन पेशंट बिघडतात आणि चौथ्याच्या वेळी हात थांबतो.

खोकल्याच्या पेशंटला क्विनोलोन गटातलं अँटिबायोटिक दिलं की चार दिवस बरं वाटतं. तो खोकला क्षयाचा असेल तर निदान मागे पडतं, आणि तोवर घरातल्यांना लागण होते. डेंग्यूच्या तापात दुखणं थांबावं म्हणून आयब्युप्रोफेन दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. गजकर्णावर स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की खाज लगेच थांबते आणि बुरशी खालून पसरत राहते. देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ गेली काही वर्षं हेच निस्तरत बसले आहेत. या तिन्ही चुका एमबीबीएसही करतात, एमडीही करतात. म्हणून तर एका वर्षाच्या जोड-कोर्सने त्या टळतील असं मानणं मला धाडसाचं वाटतं.

आणि हा नुसता माझा संशय नाही. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात पदवी नसलेल्या गावठी डॉक्टरांना नऊ महिने प्रशिक्षण देऊन त्याचा परिणाम शास्त्रशुद्ध मोजला गेला. २०१६ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी त्या चमूत होते. निष्कर्ष दुधारी होता. प्रशिक्षण घेतलेल्यांची योग्य उपचार करण्याची क्षमता खरोखर वाढली, म्हणजे 'शिकवून काही होत नाही' म्हणणारे चूक ठरले. पण अनावश्यक औषधं आणि अँटिबायोटिक देण्याचं प्रमाण तसूभरही घटलं नाही. द्यायला शिकवता येतं. न द्यायला शिकवणं फार अवघड. बीएचएमएस झालेला माणूस आणि बीरभूमचा गावठी डॉक्टर यांत पुष्कळ अंतर आहे, ते नाकारत नाही. पण पेन हाती आलं की ते कुठल्या दिशेला झुकतं, एवढं यातून दिसतं.

अशा परवानग्यांच्या भाषेत एक शब्दप्रयोग हमखास येतो: 'घेतलेल्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत'. वाचायला फार जबाबदार वाटतो. पण ही मर्यादा बघणार कोण? डिसेंबर २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने औषध विक्रेत्यांना कळवलं की सीसीएमपी झालेल्यांच्या चिठ्ठीवर ॲलोपॅथीची औषधं द्यायला हरकत नाही. म्हणजे मेडिकलवाल्याने काउंटरवर उभं राहून ठरवायचं, की समोरच्या चिठ्ठीवरचं तिसऱ्या पिढीचं सेफालोस्पोरिन, म्हणजे जोरदार अँटिबायोटिक, या डॉक्टरच्या प्रशिक्षणात बसतं की नाही? शेड्यूल एच-१ मधल्या, म्हणजे अशा जपून द्यायच्या, औषधांची वेगळी वही ठेवायचा नियम २०१४ पासून लागू आहे. ती वही किती दुकानांत इमाने भरली जाते, हे ज्याने दुकानात उभं राहून पाहिलं आहे त्याला सांगायला नको. मर्यादा जिथे लिहिलेलीच नाही तिथे ती मोडल्याची तक्रार तरी कशी करायची?

मग येतो खेड्यांचा मुद्दा. मंत्र्यांच्या तोंडी हाच असतो: एमबीबीएस खेड्यात जात नाहीत, हे जातात. यातला पहिला भाग खरा आहे, आणि त्याची लाज वैद्यकीय शिक्षणाला व आयएमएला वाटायला हवी. पण या परवानगीत खेड्याचा संबंध कुठे आला? सीसीएमपी झालेला डॉक्टर कोथरूडला दवाखाना थाटू शकतो, ठाण्यात थाटू शकतो, आणि थाटतोच. तिथे भाडं जास्त असलं तरी पेशंटही जास्त असतात. गरज खेड्याची सांगायची आणि परवाना राज्यभराचा द्यायचा, याला युक्तिवाद म्हणत नाहीत.

खेड्यासाठी वेगळा डॉक्टर, ही कल्पना आपण एकेकाळी वापरून बंद केलेली आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला तालुक्याच्या डॉक्टरच्या पाटीवर 'एल. सी. पी. एस.' ही अक्षरं दिसायची. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ती परवाना-पदविका. एमबीबीएसपेक्षा लहान अभ्यास, फीही बेताची. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा आखणाऱ्या भोर समितीने १९४६ साली शिफारस केली की देशात डॉक्टर एकाच दर्जाचा असावा, आणि असे कोर्स हळूहळू बंद पडले. समितीतल्या काही सदस्यांनी तेव्हाच वेगळं मत नोंदवलं होतं की इतक्या लवकर हे बंद करू नका, डॉक्टर पुरणार नाहीत. बहुमताचा आदर्श उदात्त होता. गरिबाला दुय्यम डॉक्टर का द्यायचा, हा प्रश्न आजही सोपा नाही. पण झालं काय? गरिबाला पहिल्या दर्जाचा डॉक्टर मिळाला नाही आणि दुसऱ्या दर्जाचा कोर्स बंद झाला. जी पोकळी उरली ती निनावी, नोंद नसलेल्या, कुणालाच जबाबदार नसलेल्या लोकांनी भरली. आज आयएमए जेव्हा 'दुय्यम दर्जा नको' म्हणते तेव्हा ती भोर समितीचा आदर्श उद्धृत करते, त्याचा निकाल मात्र वाचत नाही.

छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा ग्रामीण वैद्यकीय सहायकांचा कोर्स काढला. डॉक्टर संघटनांच्या विरोधात आणि कोर्टकज्ज्यात तो काही वर्षांत गुंडाळला गेला. पण तोवर जे शिकून बाहेर पडले ते आरोग्य केंद्रांत लागले. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडियाने इतर संस्थांसह त्यांची पाहणी केली, ती २०१० मध्ये आली. नेहमीच्या आजारांत हे तीन वर्षंवाले एमबीबीएस अधिकाऱ्यांच्या तोडीस तोड उतरले. त्याच पाहणीत आयुष डॉक्टर मागे पडले. हा निष्कर्ष कुणाच्याच सोयीचा नाही, म्हणून तो कुठल्याच मोर्चात ऐकू येत नाही. मला त्यातून दिसतं ते असं: ज्यांना ठरावीक कामासाठी, त्याच कामाचं शिक्षण देऊन, त्याच जागी बसवलं ते टिकले. साडेपाच वर्षं एका तत्त्वावर घडवून नंतर वेगळ्याच तत्त्वाच्या खुर्चीत बसवलेले टिकले नाहीत. वर्षांचा हिशेब इथे कामाचा नाही. आसामने २००४ मध्ये याच धर्तीचा, फक्त ग्रामीण भागापुरता कायदा केला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला, कारण वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणं केंद्राच्या हाती आणि राज्याने परस्पर नवा कोर्स काढला. म्हणजे ज्या मार्गाला पुरावा होता तो बंद पडला. उरला तो जुन्या पदवीला ठिगळ लावण्याचा मार्ग, कारण तो राज्याच्या अखत्यारीत बसतो. आपलं धोरण पेशंटच्या गरजेने कमी आणि घटनेच्या सूचींमधल्या फटीने जास्त ठरतं आहे.

हद्द आखली की काय साधतं, ते पाहायला महाराष्ट्राबाहेर जायला नको. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला ज्या ग्राम आरोग्य सेविका तयार केल्या, त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत आरोग्यदूत बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देण्यापर्यंत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूदर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली होता. थोड्याच इयत्ता शिकलेली बाई अँटिबायोटिकचं इंजेक्शन देते आणि बाळं वाचतात! पण कोणतं इंजेक्शन, कोणत्या लक्षणांवर, किती मात्रा, किती दिवस, कधी दवाखान्यात पाठवायचं, यातलं प्रत्येक पाऊल ठरलेलं होतं आणि तिच्या नोंदी दर पंधरवड्याला कुणीतरी येऊन तपासत होतं. तिला 'घेतलेल्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत सर्व औषधं' असा परवाना दिला असता, तर ६२ टक्क्यांचा आकडा दिसला असता का?

इंग्लंडचा दाखला देणं आपल्याकडे जरा जुनं झालं आहे, तरी हा एक चपखल बसतो. लंडनचे औषधविके, अपोथेकरी, गरिबांना पाहून औषध देत. फिजिशियन मंडळींनी खटला भरला. १७०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने अपोथेकरींच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यांच्या बाजूने मांडलं गेलेलं कारण आपल्या ओळखीचं आहे: गोरगरिबांना फिजिशियन परवडत नाहीत. परवानगी मिळाली. शिक्षणाची आणि परीक्षेची सक्ती आली १८१५ च्या कायद्याने, म्हणजे एकशे अकरा वर्षांनी. कवी कीट्स त्या कायद्यानंतरच्या पहिल्याच तुकड्यांतला, १८१६ साली ती परीक्षा उतरला. त्या अपोथेकरींतूनच पुढे घरोघरचा 'जनरल प्रॅक्टिशनर' घडला, हे आमचे होमिओपॅथ मित्र अभिमानाने सांगतील, आणि ते खरंच आहे. फक्त मधल्या एकशे अकरा वर्षांतल्या पेशंटांना काय वाटलं असेल, एवढं विचारावं. आपण पुन्हा परवानगी आधी देतो आहोत आणि चाळणी पुढच्या पिढीवर सोपवतो आहोत.

'वैद्यांना दिलं, मग आम्हालाच का नाही?' हा होमिओपॅथांचा सगळ्यात बोचरा प्रश्न आहे. महाराष्ट्राने १९९२ च्या अधिसूचनेने आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधांची मुभा दिली, ती याच मोघम भाषेत. २०२० मध्ये शल्य (शस्त्रक्रिया) आणि शालाक्य (डोळे-कान-नाक-घसा) शाखेच्या पदव्युत्तर वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची यादी लावून मिळाली. खरं आहे, समतेच्या न्यायाने या प्रश्नाला उत्तर नाही. पण एक जुनी चूक समान वाटून घेणं म्हणजे समता, असं कुणी ठरवलं? गंमत अशी की २०२० च्या त्या निर्णयात, ज्याला आयएमएने कडाडून विरोध केला, निदान यादी तरी होती. यादीवर भांडता येतं, यादीतलं एखादं काम काढून टाकता येतं. मोघम वाक्याशी भांडता येत नाही. आणि जाता जाता एक कुतूहल: 'समः समं शमयति', म्हणजे सारख्याने सारखं शमतं, असं मानणाऱ्या शास्त्राच्या, होमिओपॅथीच्या, निष्ठावंतांनी या कोर्सविरुद्ध सगळ्यांआधी उठायला हवं होतं. आपल्या औषधांनी भागत नाही अशी कबुली त्यांच्याच नावाने सरकारदरबारी नोंदली जाते आहे.

माझ्या मते करायला हवं ते नवं नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात कलम ३२ आहे: सामुदायिक आरोग्यसेवकाला मर्यादित परवाना, प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारांपुरता, त्यापलीकडे फक्त नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. आयएमएने तेव्हाही संप केला होता. आज उपकेंद्रांवर बसणारे समुदाय आरोग्य अधिकारी, त्यांत बीएएमएसही आहेत आणि नर्सिंगच्या पदवीधरही, सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन ठरलेली औषधं देतात आणि त्यापलीकडचा पेशंट वरच्या आरोग्य केंद्राकडे धाडतात. होमिओपॅथांना तेच दार उघडा. औषधांची छापील यादी द्या. एमबीबीएसना जी केसवरची परीक्षा द्यावी लागते त्यातला प्राथमिक उपचारांचा भाग यांच्याकडूनही उतरवून घ्या, नापास झाला तर नापास. पहिली काही वर्षं परवाना ठरावीक तालुक्यांपुरता ठेवा. एमबीबीएसना दर पाच वर्षांनी ३० गुण जमवून नोंदणी ताजी करावी लागते, यांनाही लावा. आणि लावतानाच ते गुण हॉटेलातल्या कॉन्फरन्सच्या जेवणावर मिळू नयेत अशी व्यवस्था दोघांसाठीही करा. आणि खाजगी हॉस्पिटलांना सांगा, की आयसीयूत रात्री कोण उभा असतो त्याची पदवी पेशंटच्या नातेवाइकांना दिसेल अशी दारावर लावा. या शेवटच्या अटीला आयएमए किती पाठिंबा देते, ते मला बघायचं आहे.

यावर म्हणतील, एवढ्या अटींवर कोण येईल? कदाचित थोडेच येतील. पण ज्यांना खेड्यात खरोखर काम करायचं आहे त्यांना अटी जाचत नाहीत, उलट कोर्टाच्या पायऱ्यांवर टांगलेल्या परवान्यापेक्षा लहान पण पक्का परवाना बरा वाटेल.

कौन्सिलने दवाखान्यात क्यूआर कोड लावून 'आपला डॉक्टर ओळखा' असा उपक्रम सुरू केला आहे. कल्पना चांगली आहे. उद्या सीसीएमपी झालेल्या डॉक्टरच्या भिंतीवरचा तो चौकोन एखाद्या आईने, कडेवर तापलेलं पोर घेऊन, मोबाइलवर धरला, तर पडद्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक येईल. त्याखाली 'हे डॉक्टर काय देऊ शकतात' या ओळीपुढे काय लिहायचं, ते कौन्सिलने सूचना काढण्याआधी ठरवायचं होतं.